ओरखडा दिसतो, फट दिसत नाही

घरातील जुनी वस्तू विकावयास काढली म्हणजे माणसाच्या प्रामाणिकपणाची जी कसोटी लागते, ती देवळातील बाकावर लागत नाही. प्रवचन ऐकताना आपण सारेच सत्यवादी असतो. परंतु गिऱ्हाईक दारात उभे आहे, पैसे त्याच्या मुठीत आहेत आणि वस्तूतील खोट त्याला दिसलेली नाही, अशा वेळी तोंड उघडावे की मिटून घ्यावे, हा प्रश्न ज्याचा त्यालाच सोडवावा लागतो. गेल्या नोव्हेंबर महिन्यात एका जुन्या गिटारीच्या निमित्ताने हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. त्यात आम्ही प्रथम नापास झालो, हे आरंभीच सांगून टाकतो. म्हणजे पुढील मजकूर कोणी उपदेश समजून वाचणार नाही.

गिटार हे वाद्य आपल्या लोकांस परके नाही. गोव्यात मांडो गाताना घुमट आणि व्हायोलिन यांच्या जोडीला ती पिढ्यान् पिढ्या वाजत आली आहे. १८१८ सालच्या नाताळच्या आदल्या रात्री ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ गावी फादर जोसेफ मोर आणि फ्रान्झ ग्रूबर यांनी 'स्टिले नाख्ट' हे आता जगभर गायिले जाणारे नाताळगीत पहिल्यांदा म्हटले, तेही गिटारीच्याच साथीवर. फादर मोर यांची गिटार हालाइन येथील संग्रहालयात आजही जपून ठेवलेली आहे. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेसंबंधी जे संविधान प्रसिद्ध केले, त्याच्या १२० व्या परिच्छेदात पाइप ऑर्गनला मानाचे स्थान देऊन, पवित्र कार्यास शोभतील अशी इतर वाद्येही अधिकाऱ्यांच्या संमतीने वापरण्यास मोकळीक दिली. ज्या खेड्यास ऑर्गनची ऐपत नाही, तेथील गायनमंडळात गिटार येऊन बसली ती अशी. आणि मुलेमुली शिक्षणासाठी वा नोकरीसाठी घराबाहेर पडली की तीच गिटार कपाटावर चढते, हाही पुष्कळ घरांचा अनुभव आहे.

आमच्या घरी असेच झाले. थोरला मुलगा नऊ वर्षे गावच्या गायनमंडळात गिटार वाजवीत असे. नोकरीसाठी तो पुण्यास गेला आणि गिटार तीन पावसाळे कपाटावर पडून राहिली. अखेरीस त्यानेच फोनवर सांगितले, "बाबा, ती विकून टाका. मात्र वाजवणाऱ्यालाच द्या."

खाली काढून पुसली तेव्हा तिच्या अंगावरच्या खुणा मोजता आल्या. मधल्या गोल भोकाशेजारी नखीच्या घासण्याने पडलेले लांब ओरखडे होते. कडेला एक टवका उडालेला होता; तो मोटारीच्या दाराचा. पाठीवर कमरपट्ट्याच्या बकलाचे व्रण होते. उजवा हात जेथे टेकतो तेथील चकाकी घामाने जाऊन लाकूड मातकट दिसत होते. या साऱ्या खुणा उघड होत्या. एक गोष्ट मात्र उघड नव्हती. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात तिची घोडी मागच्या बाजूने किंचित उचलली गेली होती. आम्ही ती एका सुताराकडून सरस भरून चिकटवून घेतली होती आणि फट दिसू नये म्हणून तीवर काळे पॉलिश फिरविले होते.

शेजारच्या धर्मग्रामातील एक माउली आपल्या तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन गिटार पाहावयास आली. दूध घालून साठविलेले पैसे तिने रुमालात बांधून आणले होते. नाताळच्या गायनमंडळात मुलाला घेणार होते. म्हणून घाई होती.

"काका, हा ओरखडा बराच मोठा आहे," ती म्हणाली.

"होय, बाई. नखीचा आहे. आवाजाला त्याची बाधा नाही," आम्ही उत्तर दिले, आणि ते खरेही होते.

आम्ही ४००० रुपये सांगितले होते. ओरखडे पाहून ते ३५०० वर आले. पैसे मोजताना तिने सहज विचारले, "आणखी काही नाही ना, काका?"

"नऊ वर्षं देवळात वाजलेली गिटार आहे, बाई," आम्ही म्हणालो.

वाचकहो, हे वाक्यही खरेच होते. परंतु विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते. खऱ्या शब्दांनीही खोटे बोलता येते, हे आम्हांस त्या दिवशी कळले. मुलगा गिटार छातीशी धरून निघून गेला. रात्री पुण्याहून फोन आला. व्यवहार झाल्याचे ऐकून मुलाने पहिला प्रश्न केला तो हा, "घोडीचं सांगितलंत ना, बाबा?"

"ती मंडळी घाईत होती," आम्ही म्हणालो. पलीकडून बराच वेळ काही उत्तर आले नाही.

*उघडा दोष आणि झाकलेला दोष*

विक्रेत्याने वस्तूचे दोष सांगितलेच पाहिजेत काय, हा प्रश्न तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी अगदी सरळ शब्दांत विचारला आहे. 'सुम्मा थिऑलॉजिका' या त्यांच्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धात सत्याहत्तरावा प्रश्न खरेदीविक्रीतील फसवणुकीचा आहे. तेथे ते घोड्याचे उदाहरण देतात. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल, तर तो दोष कोणासही दिसतो. विक्रेत्याने त्या मानाने किंमत उतरविली म्हणजे तोंडाने सांगण्याची त्यास सक्ती नाही. परंतु दोष झाकलेला असेल आणि त्याने घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल किंवा त्यास धोका होणार असेल, तर न सांगता विकणे हा अन्याय होय. लंगडा घोडा चपळ म्हणून विकणे आणि पडावयास आलेले घर मजबूत म्हणून विकणे, ही त्यांची उदाहरणे आहेत. शिवाय ते एक व्यवहारी गोष्टही सांगतात. दोषाची गावभर दवंडी पिटण्याचे कारण नाही, कारण तेवढेच ऐकून लोक फिरकणारच नाहीत. जो घ्यावयास येईल त्याला सांगावे. म्हणजे वस्तूचे गुण आणि दोष समोर ठेवून त्यास स्वतः तुलना करता येते.

संतांनी सांगितलेला घोडा आणि आमच्या गिटारीची घोडी यांची तुलना मनाशी करताना आम्हांस हसू आले नाही. ओरखडे म्हणजे तो एक डोळा. ते त्या माउलीने पाहिले आणि त्याचे ५०० रुपये कमी करून घेतले. फट मात्र आम्ही स्वतः पॉलिशने झाकली होती. येथे देशाचा कायदाही आमच्या बाजूचा नव्हता. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे १७ वे कलम नुसत्या मौनाला सहसा फसवणूक मानीत नाही; परंतु जाणूनबुजून दोष लपविण्याच्या कृतीस मानते. सातव्या आज्ञेत आपण लहानपणी चोरी म्हणजे काय ते शिकलो आणि आठव्या आज्ञेत खोटी साक्ष म्हणजे काय ते. जुन्या वस्तूच्या व्यवहारात या दोन्ही आज्ञा एकाच वेळी मोडता येतात.

*कोणती खूण कातडीची, कोणती हाडाची*

ज्यांना गिटार विकावयाची वा घ्यावयाची असेल, त्यांनी ओरखडा आणि आजार यांतील भेद जाणून घ्यावा. बेळगावपासून फार दूर नसलेल्या मिरजेत सतार व तंबोरे घडविणारे कारागीर एकोणिसाव्या शतकापासून नांदत आहेत. तंतुवाद्यांच्या अवयवांची तबली, घोडी, दांडी, पडदे, खुंट्या ही नावे आपल्या भाषेत रुळलेलीच आहेत. तीच आम्ही येथे वापरतो.

पोलादी तारांची गिटार सुरात लावली म्हणजे सहा तारांचा मिळून ताण सुमारे ७० किलो वजनाइतका भरतो. हा सारा ताण घोडीच्या द्वारे जेमतेम तीन मिलिमीटर जाडीच्या तबलीवर येतो. तबली बहुधा स्प्रूस किंवा सीडर या हलक्या लाकडाची असते. पाठ व बाजू चांगल्या गिटारीत पुष्कळदा शिसवीच्या असतात. तबलीच्या आतून पातळ पट्ट्या चिकटविलेल्या असतात आणि त्यांच्या बळावर ती तग धरते. म्हणून घोडी, तबली, आतील पट्ट्या आणि दांडी हे गिटारीचे हाड. वरची चकाकी ही कातडी.

हाडाची परीक्षा पुढीलप्रमाणे घरीच करता येते. वहीचा एक पातळ कागद घेऊन घोडीच्या मागच्या कडेखाली सरकवून पाहावा. तो आत शिरला तर घोडी सुटू लागली आहे. तबलीवर बारीक रेघ दिसली तर ती वार्निशातील आहे की लाकडातील, हे ओळखावे. खोलीत अंधार करून भोकातून आत लहान दिवा धरावा. रेघेतून उजेड बाहेर आला तर लाकूड फाटले आहे हे नक्की. उजेड आला नाही तरी रेघेच्या दोन्ही बाजूंस बोटाने हलके दाबावे. एक बाजू खाली जात असेल तर ती फाटच समजावी. तबली व पाठ बोटाच्या पेराने ठोकीत जावे. कोठे फुटक्या मडक्यासारखा थरथरता आवाज आला तर आतील पट्टी सुटलेली असू शकते. दांडीचे वरचे टोक जेथे मागे झुकते, तेथे नख फिरवावे. गिटार पडली की बहुधा तेथेच मोडते आणि तेथेच जोडली जाते.

दांडी वाकली आहे का हे पाहण्यासाठी एक तार पहिल्या पडद्यावर आणि शेवटच्या पडद्यावर एकदम दाबावी. मध्ये केसाएवढी फट असणे चांगले. पोस्टकार्डे शिरतील एवढी असेल तर दांडी वाकलेली आहे. त्यातही घाबरण्याचे कारण नसते, कारण पोलादी तारांच्या बहुतेक गिटारींत दांडीच्या आत एक सळई असते आणि जाणता माणूस ती फिरवून बाक कमी करू शकतो. बाराव्या पडद्यावर जाड तारेची उंची सुमारे अडीच मिलिमीटर असावी. ती चार-पाच मिलिमीटर झाली की शिकाऱ्याची बोटे सोलवटून निघतात. आमच्या खानापूरच्या पश्चिम भागात पाऊस उदंड. दमट हवेने लाकूड फुगते, तबली पोटासारखी वर येते आणि तारा उंच होतात. उन्हात बंद मोटारीत ठेवलेल्या गिटारीचा सरस मऊ पडतो. झाकलेले दोष जन्मतात ते असे, कोणाचा विशेष अपराध नसताना. अपराध सुरू होतो तो झाकण्यापासून.

उलटपक्षी, कातडीच्या खुणांची लाज बाळगू नये. अमेरिकेतील गायक विली नेल्सन यांनी १९६९ साली घेतलेली गिटार नखीने वाजवून वाजवून इतकी झिजली, की मुख्य भोकाशेजारी लाकडात दुसरे भोक पडले. तरी त्यांनी ती टाकली नाही आणि पुढे अनेक दशके तीच वाजविली. फार वाजलेल्या वाद्यावर खुणा असणे हे फार चाललेल्या वहाणेच्या टाचेसारखे आहे.

*साफसफाई आणि सारवासारव*

विकण्यापूर्वी गिटार स्वच्छ करणे हे पाहुणे येण्यापूर्वी अंगण झाडण्यासारखे आहे. त्यात खोटे काही नाही. किंचित ओलसर मऊ फडक्याने ती पुसावी आणि लगेच कोरडी करावी. रॉकेल किंवा खोबरेल लावू नये. गंजलेल्या तारा काढून नव्या घालाव्यात, कारण मेलेल्या तारांवर गिटारीचा खरा आवाज ऐकू येत नाही. परंतु ओरखडे जावेत म्हणून वार्निशाचा नवा हात देऊ नये. जाड वार्निशाने तबली जड होते, आवाज बसतो, आणि जाणता गिऱ्हाईक नवे वार्निश पाहून उलट संशय घेतो. आमच्या मते ओळख साधी आहे. ज्या कामाने वस्तू जशी आहे तशी दिसते ती साफसफाई. ज्या कामाने ती जशी नाही तशी दिसते ती सारवासारव.

आता बहुतेक विक्री मोबाईलवरील छायाचित्रांवरून ठरते. तेथेही हाच नियम लावावा. समोरून, लख्ख उजेडात घेतलेल्या चित्रात ओरखडे नाहीसे होतात. म्हणून खिडकीचा उजेड बाजूने पडेल असे धरून, प्रत्येक खुणेशेजारी एक रुपयाचे नाणे ठेवून वेगळे चित्र घ्यावे. दुरुस्ती झाली असेल तर केव्हा आणि कोणाकडून ते लिहावे. अशा चित्रांनी येणारी माणसे थोडी होतात हे खरे. परंतु जी येतात ती घरी येऊन हुज्जत घालीत नाहीत.

*किंमत*

किमतीविषयी संत थॉमस यांनी दोन गोष्टी सांगितल्या आहेत. पहिली ही, की न्याय्य किंमत काही गणिताने नेमकी काढता येत नाही. ती अंदाजाने ठरते आणि थोड्या कमीअधिकाने न्याय बिघडत नाही. म्हणून तशीच गिटार आज नवी केवढ्यास मिळते ते विचारावे, वापराची घट धरावी, हाडाच्या दुरुस्तीस जेवढा खर्च येईल तेवढा पुरता वजा करावा आणि कातडीच्या खुणांपायी थोडे कमी करावे. घासाघीस करण्यास कोणतीही हरकत नाही. नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायात घेणाऱ्याचीही खोड दाखविली आहे. तो समोर वस्तूला नावे ठेवतो आणि पाठ फिरली की फुशारकी मारतो. फसविण्याचा मक्ता काही विकणाऱ्याकडेच नाही.

दुसरी गोष्ट अधिक बारीक आहे. वस्तू देण्याने विकणाऱ्याचे विशेष नुकसान होत असेल, तर त्याबद्दल त्याने थोडे अधिक घेण्यास हरकत नाही. परंतु घेणाऱ्याला तिची निकड आहे, एवढ्याच कारणाने किंमत चढवू नये. कारण त्याची निकड ही आपल्या मालकीची वस्तू नव्हे, मग ती आपण विकणार कशी? त्या माउलीची नाताळची घाई पाहून आम्ही किंमत चढविली नाही, हे खरे. परंतु त्याच घाईच्या आड आम्ही आमचे मौन लपविले. तोही तिच्या निकडीचा व्यापारच झाला.

*रविवारी*

पुढच्या रविवारी पहिली मिस्सा आटोपून आम्ही शेजारच्या धर्मग्रामात गेलो. आमच्या पत्नीने निघताना एवढेच म्हटले, "अहो, पैसे बरोबर घ्या." मुलगा ओसरीवर गिटार घेऊन बसला होता. डाव्या हाताच्या तीन बोटांना त्याने चिंध्या गुंडाळल्या होत्या.

"काय रे बाळा, जमतंय का?" आम्ही विचारले.

त्याने मान खाली घातली. "नाही हो, काका. तारा दबतच नाहीत. सर म्हणतात सराव कर. माझ्या बोटांतच जोर नाही."

आम्ही खिशातून कागद काढून घोडीखाली सरकविला. तो करंगळीच्या नखाएवढा आत गेला. नव्या तारांच्या ताणाने जुना सरस सुटला होता, तारा उंच झाल्या होत्या आणि ते पोर आठवडाभर स्वतःच्या बोटांना दोष देत होते.

ओरखड्याने कोणाचे नुकसान होत नाही. तो पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरतो आणि राहतो. झाकलेला दोष मात्र आपल्यापाशी राहत नाही. तो घेणाऱ्याच्या अंगाला चिकटतो आणि त्याला वाटते की खोट आपल्यातच आहे. शिकणाऱ्या मुलाच्या बाबतीत तर ते अधिकच खरे, कारण त्याच्यापाशी ताडून पाहण्यासाठी दुसरी गिटार नसते.

आम्ही त्या माउलीस सारे सांगितले आणि ३५०० रुपये तिच्यापुढे ठेवले. गिटार परत द्यावी, किंवा ठेवावयाची असल्यास दुरुस्तीचा खर्च आमचा, असे म्हटले. ती रागावेल असे वाटले होते. ती थोडा वेळ मुलाच्या बोटांकडे पाहत राहिली.

"मी विचारलं होतं, काका," ती शांतपणे म्हणाली.

"होय, बाई. विचारलं होतंत," आम्ही म्हणालो. याहून अधिक बोलण्याजोगे आमच्यापाशी काही नव्हते.

मुलाला गिटार सोडवेना. तेव्हा ती बेळगावला एका वाद्यदुरुस्ती करणाऱ्याकडे नेली. त्याने घोडी पुरती काढली, जुना सरस खरवडून लाकूड स्वच्छ केले, नवा सरस लावून ती शिकंज्यात आवळून ठेवली. जुन्या सरसावर नवा सरस सहसा नीट धरत नाही, हे त्याने आम्हांस सांगितले. ९०० रुपये झाले. ते आम्ही दिले. विकण्यापूर्वीच हे केले असते, तर खर्च तेवढाच झाला असता आणि त्या पोराची बोटे वाचली असती.

परतफेडीविषयी एक शब्द लिहून थांबतो. दोष ठाऊक नसताना विकला, तर पाप नाही; परंतु पुढे कळला तर भरपाई करावी, असे संत थॉमस म्हणतात. मग ठाऊक असून विकणाऱ्याने काय करावे हे सांगावयास नको. प्रायश्चित्त संस्कारात क्षमा मागितली म्हणजे समोरच्याचे पैसे आपोआप परत जात नाहीत. ते पायांनी चालत जाऊन द्यावे लागतात. आमच्या बाबतीत ते अंतर पाच किलोमीटरांचे होते.

नाताळच्या रात्री आम्ही मिस्सेसाठी मुद्दाम त्या देवळात गेलो. गायनमंडळाच्या मागच्या रांगेत तो मुलगा बसला होता. दिव्याच्या उजेडात गिटारीवरचे ओरखडे दुरूनही दिसत होते. पुण्याहून आलेला आमचा मुलगा शेजारी उभा होता, त्याने ते पाहिले आणि हळूच म्हणाला, "तो लांबडा ओरखडा माझा आहे." मग तो गाऊ लागला आणि आम्हीही.